हात कधी थरथरायला लागतो?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला एक टन ऊस कारखान्यात गेला की साखर निघून मागे साधारण ४० किलो काळी, चिकट मळी उरते. ती पाण्यात पातळ करून तिच्यात यीस्ट सोडलं की टाकी फसफसायला लागते, आणि त्यातून दहाएक लिटर अल्कोहोल मिळतं. हेच अल्कोहोल आज पेट्रोलमध्ये मिसळून आपल्या गाड्यांत जळतं, सॅनिटायझरच्या बाटलीत जातं आणि देशी दारूच्या बाटलीतही जातं. रेणू एकच, आणि तोही केवढा! कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक, असे सगळे मिळून नऊ अणू.

एवढासा रेणू एकाच गावातल्या दोन माणसांशी दोन तऱ्हांनी वागतो, याचं मला फार नवल वाटतं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पितात आणि त्यांतली २.९ कोटी दारूवर अवलंबून आहेत. म्हणजे पाचांतली चार माणसं पीत असूनही त्या टोकाला गेलेली नाहीत. (त्यांना दारू बाधत नाही असा याचा अर्थ नव्हे. यकृत, अपघात आणि कर्ज व्यसन लागेपर्यंत थांबत नाहीत.) मग पाचवा माणूस तिकडे गेला कधी? आणि गेला हे ओळखायचं कशावरून?

पारावर विचारलंत तर उत्तरं तयार असतात. रस्त्यात पडतो तो दारुडा. बायकोला मारतो तो दारुडा. आणि जो चार पेग मारून सरळ चालत घरी जातो, त्याच्याबद्दल कौतुकाने म्हणतात, ‘गडी पचवतो हां!’ याच कौतुकात सगळ्यात मोठी गफलत आहे. अमेरिकेत मार्क शुकिट या मानसोपचारतज्ज्ञाने विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली, कुणाला किती चढते ते टिपलं आणि पुढे कित्येक वर्षं त्यांचा माग ठेवला. ज्यांना कमी चढली होती, त्यांच्यातच पुढे व्यसनाचं प्रमाण जास्त निघालं. ज्याला लवकर गरगरतं त्याला त्याचं शरीर वेळेवर थांबवतं. ‘पचवणाऱ्या’ला ते सांगतच नाही.

पचवणं हे बरंचसं मेंदूचं काम आहे. आपल्या मेंदूत पेशींना चेतवणारा ग्लुटामेट आणि शांत करणारा गाबा, अशा दोन रसायनांचा तोल सतत सांभाळला जातो. दारू काही मिनिटांत मेंदूत पोचते, गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. म्हणून पहिल्या पेगला खांदे सैल पडतात, काळजी विरते. पण मेंदूला आपला तोल प्यारा असतो. रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन त्याला शांत करत असेल, तर तो गाबाला दाद देणं कमी करतो आणि ग्लुटामेटची ग्रहणकेंद्रं वाढवतो. दारूचा रेटा जेवढा, तेवढाच उलटा रेटा. त्यामुळे तेवढ्याच क्वार्टरमध्ये आता काही होत नाही, आणि माणूस दुसरी मागवतो.

याहून थक्क करणारी गोष्ट शेपर्ड सीगल या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आली. मेंदू ही उलट तयारी पहिला घोट पोटात जायच्या आधीच सुरू करतो. नेहमीची वेळ, नेहमीचं टेबल, ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज एवढी खूण त्याला पुरते. म्हणून रोज परमिट रूममध्ये बसणाऱ्याला तीच दारू परक्या गावात, परक्या वेळी घेतली तर जास्त चढू शकते. शरीर घड्याळ आणि जागा दोन्ही ओळखून बसलेलं असतं.

आता समजा, एके दिवशी दारू मिळालीच नाही. मेंदूचा उलटा रेटा मात्र जागच्या जागी आहे. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत तो उघडा पडतो, आणि ते सगळ्यात आधी दिसतं हातात. सकाळची वेळ, पुढ्यात चहा. बशी उचलली की कप बशीवर वाजायला लागतो. चहा हिंदकळू नये म्हणून माणूस बशी खाली ठेवतो आणि कप दोन्ही हातांनी धरतो. कपाळावर घाम, तोंडाला कोरड, पोटात मळमळ, छातीत धडधड. मग तो कुणाचं लक्ष नाही असं पाहून परड्यात जातो, दोन घोट घेतो आणि पंधरा-वीस मिनिटांत हात स्थिर होतो. तो हात बघितला की कळतं: हा माणूस आता मजेसाठी पीत नाही. इतरांना न पिता जे सहज लाभतं, तेवढ्यापर्यंत पोचायला त्याला दारू लागते.

ही सीमा उभ्या देशाला एकदम दिसली ती २०२० च्या टाळेबंदीत. मार्चअखेर दुकानं बंद झाली ती ४ मेपर्यंत. बहुतेक पिणारे चिडले, कंटाळले आणि मग त्यांना सवय झाली. काहींना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा लागला. बंगळुरूच्या रुग्णालयांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा दारू तुटल्याने गंभीर झालेले रुग्ण नेहमीच्या साधारण दुप्पट निघाले. केरळ सरकारने तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला होता, त्याला तिथल्या उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. टाळेबंदीच्या आदल्या दिवशी या दोन प्रकारच्या माणसांना एका रांगेत उभं केलं असतं, तर कोण कुठल्या बाजूचा हे कुणालाही सांगता आलं नसतं. किती पितो यापेक्षा दारू नसताना काय होतं, हे मला म्हणूनच जास्त महत्त्वाचं वाटतं.

ती सीमा नेमकी कुठल्या दिवशी ओलांडली जाते? शिरोळच्या शेतकऱ्याला हा प्रश्न वेगळ्या रूपात ठाऊक आहे. उसाला पाणी देत राहायचं, वर्षानुवर्षं द्यायचं. ऊसही भरघोस येतो. खाली पाण्याची पातळी वर सरकत असते, तिच्याबरोबर क्षार वर येत असतात, आणि एका उन्हाळ्यात रानावर पांढरा थर दिसतो. जमीन क्षारपड झाली. पण कधी झाली? कुठल्या पाण्याच्या पाळीला? तारीख सांगता येत नाही. आणि पांढरा थर दिसला म्हणून त्या दिवसापासून नुसतं पाणी तोडून जमीन सुधारतही नाही.

वैद्यकशास्त्रालाही हे मान्य करायला वेळ लागला. १९७६ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस या दोघांनी अवलंबित्वाचं जे वर्णन लिहिलं, ते आजही पायाभूत मानलं जातं. त्यात थरथर आणि वाढती मात्रा तर आहेच, पण मला अचूक वाटते ती एक साधी खूण: पिण्यातली विविधता संपणं. आधी लग्नाला वेगळं, जत्रेला वेगळं, महिना-महिना काहीच नाही, असं असतं. पुढे सोमवार काय नि रविवार काय, बिदागी मिळाली काय नि मयत झाली काय, पिणं तेच आणि तेवढंच. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबित्व’ हे दोन कप्पेच काढून टाकले आणि ११ खुणांची एकच पट्टी केली. २-३ खुणा असतील तर सौम्य, ४-५ तर मध्यम, ६ किंवा अधिक तर तीव्र.

आणखी एक कोडं घरच्यांना छळत असतं: ‘त्याला आता त्यात काही मजाही येत नाही, मग पितो कशाला?’ मिशिगन विद्यापीठाच्या टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये याचं उत्तर सुचवलं. आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. व्यसनात हवंसं वाटणं वाढतच जातं, आवडणं तेवढं वाढत नाही, कधी ओसरतंही. म्हणजे एखादा माणूस दारूचा मनापासून तिटकारा करतो आणि त्याच क्षणी त्याची पावलं गुत्त्याकडे वळतात, यात ढोंग नाही. दोन्ही खरं आहे. मला तर हे वाचल्यावर कित्येक घरांतली भांडणं नव्याने समजली.

आता शपथेबद्दल. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तासमोर शपथ घेऊन, किंवा गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसं आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण ज्याचा हात सकाळी थरथरतो, त्याने डॉक्टरांना न विचारता एका दिवसात दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, भिंतीवर माणसं दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काही झालं. झालेलं असतं एवढंच, की दाबून ठेवलेलं ग्लुटामेट मोकाट सुटलंय. ‘गेल्या वेळी सोडली तेव्हा काही झालं नव्हतं’ हा दिलासाही खोटा ठरू शकतो, कारण दर वेळी सोडून पुन्हा धरल्यावर पुढची थरथर आधीपेक्षा तीव्र होण्याकडे कल असतो.

हे सगळं आटोक्यात आणता येतं. डॉक्टर काही दिवस मेंदूला शांत ठेवणारी गोळी देतात आणि तिची मात्रा पायरीपायरीने उतरवतात. जोडीला बी-१ जीवनसत्त्व देतात. पोट दारूनेच भरत असल्याने ते अंगात उरलेलं नसतं, आणि बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पुढचं काम लांबचं. ओढ कमी करणारी औषधं आहेत, समुपदेशन आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेव्हापासून व्यसनी माणसाला रुग्ण म्हणून वागवायची रीत महाराष्ट्रात रुजली. शिरोळची क्षारपड रानंही तिथल्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून, क्षार निचरून पुन्हा लागवडीखाली आली आहेतच.

इतकं असूनही २०१९ च्या त्याच पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं.

म्हणून एक विनंती. घरात कुणाचा हात सकाळी थरथरत असेल, तर त्याला शपथ घालू नका, कोंडून ठेवू नका, आणि ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतलं औषध त्याच्या भाजीत मिसळू नका. अशा औषधांत डायसल्फिराम असू शकतं, आणि ते पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. त्याला मिरजेच्या शासकीय रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या, आणि शेवटचा घोट किती वाजता घेतला हे डॉक्टरांना खरं सांगा. जाणं लगेच जमणार नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.