मंठ्याची बॅग

पहाटे 5:30
जालन्याहून वाटूर फाट्यामार्गे आलेली गाडी शटरसमोर पाठमोरी लागते. ड्रायव्हरमामा चहाला टपरीवर जातात, तोवर मुलं सीलचे नंबर ताडून बॅगा उतरवतात. मंठ्याचं आमचं पार्सल सेंटर म्हणजे एक गाळा आणि पुढची ओसरी. पण इथे येणाऱ्या बहुतेक बॅगा भिवंडीकडच्या मोठ्या गोदामांतल्या यंत्राखाली भरलेल्या असतात, आणि त्या कशा भरल्या यावर आमचा सगळा दिवस ठरतो.

6:00
पहिली बॅग उघडली. वरच फवारणी पंपाच्या बॅटरीचं जड खोकं. त्याच्या खाली कपड्यांची मऊ पाकिटं, आणि त्यांच्यात दबून फुटलेली तेलाची बाटली. खोक्याच्या एका अंगाला हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळी. यंत्राच्या हिशेबाने मात्र ही बॅग पूर्ण भरलेली होती.

यात यंत्राचा आळस नाही. फिरत्या पट्ट्यावर पार्सल आलं की कॅमेरे बारकोड वाचतात, वजन होतं, लांबी-रुंदी-उंची मोजली जाते आणि ठरलेल्या शूटपाशी, म्हणजे घसरणीपाशी, पट्टा ते खाली ढकलतो. शूटच्या तोंडाशी बॅग टांगलेली असते. आत पडलेल्या पार्सलांच्या मापांची बेरीज ठरावीक आकड्याला पोचली की दिवा लागतो आणि माणूस बॅगेला सील करतो. बेरीज बरोबर असते, रचना नसते. मऊ पाकीट दाबलं की निम्मं होतं. खोकं दबत नाही, उलट शेजारची जागा अडवतं. आणि पुढचं पार्सल कोणतं येणार हे शूटला ठाऊक नसतं. मोठं आधी, लहान नंतर हा हमालाचा साधा नियम गणितानेही तपासलेला आहे. 1973 मध्ये डेव्हिड जॉन्सन यांनी दाखवलं की या रीतीने भरलं तर लागणाऱ्या पेट्या फार तर उत्तमात उत्तम मांडणीच्या 11/9 पटीच्या आसपास जातात. पण त्यासाठी सगळा माल आधी समोर हवा. पट्ट्यावर तो एकेक करून येतो.

8:00
आता तळणी, ढोकसाळ, हेलस, पांगरी गोसावी असे गावांचे ढीग लागतात. इथे यंत्र नाही. पार्सल वाटणारा पोरगा ज्या घरी शेवटी जाणार त्याचं पार्सल तळाला, पहिल्या घराचं वर.
"दादा, तळणीची बॅग भरली, पण खोकं राह्यलं."
"काढ समदं. खोकं खाली घाल, पाकिटं कडंनी कोंब."
तो काढतो, पुन्हा भरतो, आणि चेन लागते. तीच बॅग, तोच माल. मला या कामाचं मोल फार वाटतं.

ढिगात एक पार्सल परतूरचं निघालं. पत्त्यावर परतूर, पिन मात्र आमचा, 431504. परतूरचा 431501. यंत्र गावाचं नाव नाही, आकडे पाहतं. हे सहा आकडे 15 ऑगस्ट 1972 पासून देशात लागू झाले. त्यांची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. हातांनी टपाल वेगळं करणाऱ्यांसाठी केलेली ती सोय आज यंत्रांनाही पुरते.

10:00 ते 3:00
मोटारसायकली गेल्या. फोन, बंद दारं, पैसे मोजणं.

3:30
दुपारी भरण्याचा अहवाल येतो: कोणती बॅग किती टक्के भरली. त्यात मंठा बहुतेक वेळा खाली. लहान गावाची बॅग गाडीच्या वेळेला बंद केली तर अर्धी रिकामी दिसते; भरेपर्यंत थांबवली तर पार्सल एक दिवस शूटखाली पडून राहतं. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे हा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. गाडी आता लवकर येते. रस्त्याने वाचवलेले तास बॅग भरण्याची वाट पाहण्यात घालवायचे, हे मला पटत नाही.

उपाय आहेत, आणि त्यांना नवं यंत्र लागत नाही. बॅग बंद करण्याची वेळ गाडीच्या वेळेला बांधावी. एका वाटेवरच्या वाटूर, परतूर, मंठा अशा गावांच्या लहान बॅगा एका मोठ्या बॅगेत घालाव्यात. मग मोठी बॅग भरते आणि फाट्यावर फक्त लहान बॅग उतरते. तिसरा उपाय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: पट्टा गोल फिरणारा असेल तर मऊ पाकिटांना आणखी एक फेरी मारू द्यावी, खोकी आधी उतरू द्यावीत. पट्ट्यावर काय आहे हे यंत्राला माहीतच असतं. दिवाळीच्या गर्दीत हे जमणार नाही, कारण फिरणारं प्रत्येक पाकीट पट्ट्यावरची जागा खातं. एरवीच्या दिवसांत जमतं.

6:30
परतीच्या बॅगा. गावातले एक दुकानदार काका आले. 40 बाय 30 बाय 20 सेंटिमीटरचं खोकं, आत किलोभर माल आणि बाकी चुरगळलेला कागद. आकारमान भागिले 5000 या प्रचलित हिशेबाने त्याचं वजन 4.8 किलो धरलं जातं. काका चमकले. त्यांना अर्ध्या उंचीचं खोकं दिलं, माल नीट बसला, वजन 2.4 वर आलं.

7:30
गाडी लागली. खोकी तळाला, पाकिटं वर, सील, स्कॅन.

मंठ्यातून माल पाठवणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: खोकं मालाच्या मापाचं घ्या आणि पिन तपासून लिहा. आणि भिवंडीत यंत्राचे आकडे ठरवणाऱ्यांनी एकदा पहाटे साडेपाचला इथे येऊन आपली बॅग उघडताना पाहावी.