पुरणाला पारी हवीच का?

होळी असो की बेंदूर, कोल्हापुरातल्या स्वयंपाकघरांत सणाच्या सकाळी एकच लगबग असते. हरभऱ्याची डाळ रटरटत असते, विळीवर गूळ चिरून होतो, परातीत तिंबलेली कणीक ओल्या फडक्याखाली मुरत पडते. पोळ्या व्हायच्या आधीच एखादं पोर वाटीभर गरम पुरण घेतं, त्यावर तूप सोडतं आणि तिथंच खाऊन संपवतं. गोडी डाळ-गुळाची, वास वेलची-जायफळाचा. मग त्याभोवती गव्हाचं आवरण गुंडाळायचा एवढा खटाटोप कशासाठी?

सारण आवरणात चांगलं की आवरणाशिवाय, हा वाद फ्रान्समधल्या कीशबद्दलही आहे. कीश म्हणजे अंडी आणि साय यांचं मिश्रण मैद्याच्या खुसखुशीत पारीत ओतून भट्टीत भाजलेला पदार्थ. तिथली अडचण अशी की पातळ सारणानं तळ ओला राहतो, म्हणून पारी आधी अर्धवट भाजून घ्यावी लागते. शिवाय पारीला कडक आच लागते आणि अंड्याला मंद. त्यामुळे कित्येक जण पारी गाळूनच टाकतात. अंडं आपल्या आपण घट्ट होतं, वडी धरते, काही अडत नाही.

पुरणाचं गणित वेगळं आहे. ते तव्यावर जाण्याआधीच पूर्ण शिजलेलं असतं. डाळ बोटानं दाबली की मोडावी इतकी मऊ झाली की पाणी निथळून घेतात. त्या पाण्याची येळवणी, म्हणजे कटाची आमटी होते. निथळलेल्या डाळीत तिच्या वजनाइतका गूळ पडतो. गूळ इथला असतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसवली आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गूळ विरघळला की पुरण आधी सैल होतं, मग हळूहळू आळतं. उलथनं मधोमध आधाराशिवाय उभं राहिलं की ते झालं. गरम असतानाच ते पुरणयंत्रातून काढायचं. गार झालं की हात दुखतात.

आता हेच पुरण नुसतं तापल्या तव्यावर थापलं तर? गूळ जळतो आणि कडवट काळा थर तव्याला चिकटतो. लाटताना पोळी फुटली की हेच घडतं, म्हणून प्रत्येक पोळीनंतर तवा फडक्यानं पुसून घेतात. कणकेतलं पाणी वाफ होत असेपर्यंत आतल्या पुरणापर्यंत कडक आच पोचत नाही. बाहेर गव्हाला खरपूस डाग पडतात, आत पुरण फक्त गरम होतं आणि वाफेनं पोळी टम्म फुगते. आच पारी सोसते, म्हणून पुरण वाचतं.

त्यासाठी कणीक सैल लागते. तेलाचा हात लावून ती भरपूर तिंबतात आणि तास-दोन तास मुरू देतात, तेव्हा ती न फाटता ताणली जाते. लिंबाएवढ्या गोळ्यात त्याच्या दीडपट-दुप्पट पुरण भरायचं, तोंड बंद करायचं आणि पिठीवर हलक्या हातानं लाटायचं. पुरण आणि कणीक सारख्याच मऊपणाची हवीत. पुरण घट्ट असलं तर ते मधेच राहतं आणि कडा कोरड्या होतात. सैल असलं तर पारी फाटते.

पारी बदलली की तेच पुरण वेगळं लागतं. नागपंचमीला चिरणं, भाजणं, तळणं वर्ज्य, म्हणून पुरणाची दिंडं उकडतात. त्यांचं आवरण मऊ आणि काहीसं जाड असतं. त्यावर तूप सढळ हातानं सोडलं नाही तर घास कोरडा लागतो. कडबू तेलात पडतो, त्यामुळे त्याची पारी कुरकुरीत होते आणि पुरण मागे राहतं. पारी नसलेलं पुरणही परंपरेत आहेच. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीसमोर पुरणाचे दिवे लावून आरती होते आणि नंतर ते दिवे प्रसाद म्हणून खाल्ले जातात. पण तिथं ते दोन घास असतात. नुसतं पुरण वाटीभर खाल्लं की गोडीनं तोंड मिटतं. त्याच पुरणाच्या दोन पोळ्या मात्र दूध किंवा गुळवणीबरोबर सहज जातात. गोडाला खरपूसपणाची आणि गव्हाच्या चवीची जोड पारीमुळेच मिळते.

म्हणून कीशची पारी खुशाल गाळावी, पुरणाची गाळू नये. ती आतलं पिवळं पुरण दिसेल इतकी पातळ हवी आणि पुरण काठापर्यंत पोचलेलं हवं. विकतची पोळी घेतानाही आधी तिची कड मोडून पाहावी. कडेला नुसती कणीक लागली, तर ती पोळी घेऊ नये.