लिंबाचे आळे

संध्याकाळी नळी हातात घेऊन अंगणात उभे राहणे हे नोकरदार माणसाचे स्वस्तातले सुख. भोकरला घर बांधले तेव्हा मीही ते मनसोक्त भोगले. दारापुढे दहा बाय दहा फुटांची हिरवळ, कडेला मोगरा आणि वडिलांनी लावलेले कागदी लिंबाचे झाड. नळीच्या तोंडावर बोट धरून रोज दहा मिनिटे मी सगळ्यांवर पाणी उडवीत असे. माती काळीभोर दिसे, वास सुटे, जीव निवे.

एकदा ओट्यावर बसलेली आई म्हणाली, "झाडाला पानी पाजायलास, का नुसतं तोंड पुसायलास त्याचं?"

मी हसण्यावारी नेले. मग २०१६ चा उन्हाळा आला. लातुरात नळ कोरडे पडले, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. आमचाही बोअर आटला. टँकरचे पैसे मोजताना हिरवळीकडे बघायची लाज वाटू लागली. त्यातच लिंबाच्या बुंध्यातून डिंक गळू लागला, पाने पिवळी पडली. वडील जाऊन चार वर्षे झाली होती. ते झाड जाऊ द्यायची घरात कुणाचीच तयारी नव्हती.

खुरपे घेऊन हिरवळीत खड्डा केला, तर बोटभर माती ओली आणि खाली कोरडी ठणठणीत! मुळेही सगळी वरच्याच थरात. पाणी खाली जातच नसेल तर मुळांनी तरी खाली का जावे? शंभर चौरस फुटांना एक इंच पाणी द्यायचे तर साधारण सव्वादोनशे लिटर लागते, म्हणजे पिंपभर आणि वर दोन बादल्या. ते आठवड्यातून एकदा, पहाटे, सावकाश द्यावे. आमची काळी माती पाणी हळू पिते. घाई केली की ते गटारात.

लिंबाचे दुखणे उलटे होते. माझ्या नळीने त्याचा बुंधा रोज भिजत होता. शेतकरी याला डिंक्या म्हणतात. सडकी साल खरवडून बोर्डो पेस्ट लावली. बुंध्याशी मातीची भर घालून तो कोरडा ठेवला आणि भरदुपारच्या सावलीच्या कडेने गोल आळे केले. पाणी पिणारी बारीक मुळे तिकडेच असतात, हे मला पन्नाशीत कळले! आळ्यात वाळला पाला अंथरला. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी आई तिथेच ओती. चार-पाच दिवसांनी पाला सारून माती उकरायची, वीतभर खाली ओल लागली तर पाणी द्यायचेच नाही.

मोगऱ्याजवळ आईने जुना माठ गळ्यापर्यंत पुरला आणि वर झाकण ठेवले. माती सुकेल तसतसा माठ पाझरतो. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथातही ही युक्ती आहे. आईला ती तिच्या आईकडून मिळालेली.

पावसाळ्यात लिंबाला नवी पालवी आली. दोन फांद्या मात्र गेल्या. हिरवळ तर त्याच उन्हाळ्यात गेली. ती पुन्हा लावली नाही. तिथे आता आमची वाळवणे पडतात.