लिनक्स सर्व्हरवरील स्मृतिटंचाई व स्वॅप : निदान आणि उपाय

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या प्रवेशप्रक्रियेच्या ऐन दिवशी सर्व्हर मंदावतो, काही वेळाने डेटाबेस बंद पडतो आणि विद्यार्थ्यांचे अर्ज अर्धवट राहतात. अशा वेळी सर्व्हर पुन्हा सुरू करणे हा उपाय नव्हे. त्यामुळे मूळ कारणाचा मागही पुसट होतो. प्रस्तुत लेखात या समस्येच्या निदानाची क्रमवार पद्धत मांडली आहे.

स्वॅपचे स्वरूप :
लिनक्सचे कर्नल मुख्य स्मृतीची विभागणी पृष्ठांमध्ये करते. सर्वसाधारण संगणकावर एक पृष्ठ ४ केबीचे असते. रॅम अपुरी पडू लागली की दीर्घकाळ न वापरलेली पृष्ठे डिस्कवरील राखीव जागेत हलविली जातात. हीच स्वॅप होय. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असल्याने स्वॅप ही रॅमची पर्यायी व्यवस्था ठरत नाही.

निदान :
प्रथम 'फ्री' ही आज्ञा द्यावी. तिच्यातील 'फ्री' स्तंभातील अल्प आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. रिकामी रॅम कर्नल फाइलींच्या कॅशसाठी वापरते व गरज पडताच त्यातील बरीचशी परत देते. म्हणून 'अव्हेलेबल' हा स्तंभ विचारात घ्यावा. स्वॅप काही प्रमाणात भरलेली असणे हाही दोष नव्हे. 'व्हीएमस्टॅट' या आज्ञेतील 'एसआय' व 'एसओ' हे स्तंभ सातत्याने मोठे आकडे दाखवीत असतील, तरच खरी टंचाई समजावी. या आज्ञेची पहिली ओळ सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती वगळावी.

स्मृती पूर्णतः संपल्यास कर्नल एखादी प्रक्रिया स्वतःच नष्ट करते. ही निवड प्रामुख्याने स्मृतिवापरावर अवलंबून असल्याने बहुधा डेटाबेसच बळी पडतो. त्याची नोंद कर्नलच्या संदेशांत 'आउट ऑफ मेमरी' अशी सापडते.

उपाय :
१) अधिक स्मृती व्यापणारी प्रक्रिया 'टॉप' या आज्ञेने शोधावी.
२) वेब सर्व्हरच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची संख्या व डेटाबेसचा बफर यांचा मेळ उपलब्ध रॅमशी घालावा.
३) तातडीची गरज म्हणून स्वॅप फाइल तयार करावी. तिची परवानगी ६०० ठेवून 'एमकेस्वॅप' व 'स्वॅपऑन' या आज्ञा द्याव्यात आणि 'एफएसटॅब'मध्ये नोंद करावी.
४) 'स्वॅपीनेस'चे मूळ मूल्य ६० असते. ते कमी केल्यास प्रक्रियांची पृष्ठे स्वॅपमध्ये जाण्याचा कल घटतो. मात्र रॅम वाढत नाही.
५) रॅममध्ये पुरेशी जागा असल्याखेरीज 'स्वॅपऑफ' ही आज्ञा देऊ नये, कारण स्वॅपमधील सर्व पृष्ठे रॅममध्ये परतावी लागतात.

निष्कर्ष :
स्वॅप संकटाला विलंब लावते, ते टाळत नाही. स्मृतीची मागणी मर्यादित ठेवणे अथवा रॅम वाढविणे, हेच स्थायी उपाय होत.