गेमिंग पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डची जोडी कशी जुळवायची? कोटेशनच्या आधी हे तीन प्रश्न विचारा



कॉम्प्युटर असेंबलिंगचं दुकान असलेल्या आपल्या मित्रांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: "दादा, या कार्डला कोणता प्रोसेसर मॅच होईल?" विचारणारा बहुतेक वेळा कॉलेजचा मुलगा असतो. शेजारी वडील उभे असतात आणि पैसे त्यांच्या खिशातून जाणार असतात. पाऊण लाख, लाखाचा व्यवहार. काही घरांत तो हप्त्यांवर होतो.

इथे जोडी चुकली तर काय होतं? मशीन बंद पडत नाही, गेमही चालतो. फक्त गिऱ्हाइकाचे पंधरा-वीस हजार रुपये कॅबिनेटमध्ये नुसते बसून राहतात. म्हणूनच ही चूक लगेच कळत नाही. मित्राचं स्वस्त मशीन तेवढंच पळतंय हे मुलाला दिसतं, तेव्हा कळते. आणि मग ते कुटुंब तुमच्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही.

तर आज हा विषय नीट समजून घेऊ. दुकानदार असाल तर विकण्यासाठी, पालक असाल तर घेण्यासाठी.

दोघांची कामं वेगळी आहेत

आपल्या ओळखीचा धंदा घेऊ. फ्लेक्स प्रिंटिंग.

दुकानात एक डिझायनर असतो. तो फोटो लावतो, नावं टाकतो, मांडणी करतो आणि फाइल मशीनला पाठवतो. मशीन ती छापतं. गेममध्ये प्रोसेसर म्हणजे हा डिझायनर. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, शत्रू कुठे वळणार, हे सगळं ठरवून तो प्रत्येक चित्राची तयारी करतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे प्रिंटिंग मशीन. ते प्रत्यक्ष चित्र रंगवतं. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि एका सेकंदात किती फ्रेम तयार होतात, तो झाला एफपीएस.

आता गंमत बघा. फ्लेक्स दोन बाय तीनचा असो की दहा बाय वीसचा, डिझायनरचा वेळ जवळपास तेवढाच लागतो. मशीनचा वेळ मात्र स्क्वेअर फुटाप्रमाणे वाढतो. उलट वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस कार्यकर्त्यांचे फोटो लावायचे असतील तर मशीनला काही फरक पडत नाही, डिझायनर मात्र घामाघूम होतो.

गेममध्येही हेच. रेझोल्युशन वाढवलं की भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर येतो. गर्दी, पात्रं आणि हालचाली वाढल्या, किंवा सेकंदाला जास्त फ्रेम हव्या असल्या, की प्रोसेसरवरही येतो.

आणि ऑर्डर किती निघणार? दोघांत जो हळू, त्याच्याइतक्याच. त्यालाच आपण बॉटलनेक म्हणतो.

कागद-पेन घ्या, हिशोब करू

फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी मध्ये ३६.९ लाख. ४के मध्ये ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट.

समजा एका गेममध्ये प्रोसेसरला एक फ्रेम तयार करायला ८ मिलीसेकंद लागतात. म्हणजे तो सेकंदाला १२५ फ्रेम देऊ शकतो. कार्डाला फुल एचडीमध्ये ५, १४४०पी मध्ये ९ आणि ४के मध्ये २० मिलीसेकंद लागतात असं धरू. आकडे फक्त हिशोबासाठी आहेत.

- फुल एचडी: कार्ड २०० फ्रेम देऊ शकतं, प्रोसेसर १२५ वर अडतो. मिळाले १२५.
- १४४०पी: कार्ड १११ वर अडतं. मिळाले १११.
- ४के: कार्ड ५० वर अडतं. मिळाले ५०.

आता कुणीतरी सांगतं, "मोठं कार्ड टाक." गिऱ्हाईक दुप्पट वेगाचं कार्ड घेतं. काय होईल?

- फुल एचडी: पुन्हा १२५. एक फ्रेमसुद्धा वाढली नाही.
- १४४०पी: १११ चे १२५.
- ४के: ५० चे थेट १००.

तेच कार्ड, तोच प्रोसेसर, तोच खर्च. एका घरात पैसे वसूल, दुसऱ्या घरात पाण्यात. म्हणजे जोडी "मॅच" आहे की नाही, हे त्या दोन वस्तू एकट्या ठरवत नाहीत. समोरचा मॉनिटर आणि खेळला जाणारा गेम ते ठरवतात. आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

म्हणूनच इंटरनेटवर दोन नावं टाकली की "बॉटलनेक १४ टक्के" असं सांगणारे जे कॅल्क्युलेटर आहेत, त्यांच्या एका आकड्यावर कोटेशन बनवू नका. गेम बदलला की उत्तर बदलतं. त्याच गेममध्ये शांत जंगलातून गर्दीच्या बाजारात गेलात तरी बदलतं.

विचारायचे तीन प्रश्न

पहिला: कोणते गेम खेळणार? व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे स्पर्धेचे गेम असतील तर खूप जास्त एफपीएस हवे असतात आणि तिथे प्रोसेसर लवकर अडतो. सायबरपंक २०७७ सारखे देखणे, कथेचे गेम कार्डाचा घाम काढतात. सिटीज स्कायलाइन्ससारख्या गेममध्ये शहर मोठं झालं की पुन्हा प्रोसेसरच दमतो.

दुसरा: मॉनिटर कोणता आहे किंवा कोणता घेणार? ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. त्यावर १५० एफपीएस देणारं मशीन जोडलं तरी डोळ्यांसमोर चित्र ६० वेळाच बदलणार. अशा गिऱ्हाइकाला महाग कार्ड विकण्यापेक्षा थोडं लहान कार्ड आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर द्या. फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

तिसरा: दोन-तीन वर्षांनी काय बदलणार? कार्ड बदलणं सोपं असतं. प्रोसेसर बदलताना मात्र बरेचदा मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते. पुढे मोठं कार्ड टाकायचं असेल तर आज प्रोसेसर आणि एसएमपीएस थोडे वरचे घ्यायला हरकत नाही.

काही जोड्या, उदाहरणादाखल

फुल एचडी, १४४ हर्ट्झ, स्पर्धेचे गेम: रायझन ५ ५६०० किंवा कोर आय५-१२४००एफ, सोबत आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६०. सहा कोअरचा प्रोसेसर आणि ८ जीबीचं कार्ड, दोघंही कामाला लागतात.

१४४०पी, कथेचे गेम: रायझन ५ ७६०० च्या वर्गातला प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७०. इथे पैसा कार्डाकडे झुकवायचा.

जुनं एएम४ बोर्डाचं मशीन आणि प्रोसेसर अडतोय: आधी त्या बोर्डाची प्रोसेसर सपोर्ट यादी बघा. बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून ५००० सीरिजचा प्रोसेसर बसतो. रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये तर ९६ एमबी एल३ कॅश आहे, साध्या ५८००एक्स मध्ये ३२ एमबी. अनेक गेममध्ये हा फरक चांगलाच जाणवतो.

नावाला भुलू नका, हेही सांगायला हवं. "आय७ आहे साहेब" म्हणून विकला जाणारा जुना आय७-२६०० हा २०११ चा प्रोसेसर आहे. २०२२ च्या आय३-१२१००एफ मध्येही तेवढेच चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, पण वेगात तो फार पुढे आहे. कार्डांचंही तसंच. ४ जीबीचं जीटी ७३० आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५०, दोन्हींवर "४ जीबी" लिहिलेलं असतं. गेम चालवायला बसलात की जमीन-अस्मानाचा फरक कळतो.

आणखी एक छुपी अडचण. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड फक्त चार पीसीआयई लेन वापरतं. जुन्या ३.० पिढीच्या बोर्डावर लावलं की काही गेममध्ये त्याचा वेग बराच घसरतो. म्हणजे जोडी जुळवताना मदरबोर्डलाही विचारावं लागतं.

मशीन आधीच घरी आहे? मग असं तपासा

१. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, ते बघा. ती मदरबोर्डला लावलेली सापडते, हे अजूनही घडतं.

२. रॅमची एकच पट्टी असेल तर दोन पट्ट्या करून बघा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू आहे का तेही बघा. अनेकदा दोष प्रोसेसरला मिळतो आणि आजार रॅमचा असतो.

३. व्ही-सिंक आणि एफपीएस मर्यादा बंद करून गेम चालवा आणि कार्डाचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण काम करतंय. ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर प्रोसेसर किंवा रॅमवर संशय घ्या. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतोय म्हणून त्याला निर्दोष सोडू नका, एखादा कोअर एकटाच पूर्ण भरलेला असू शकतो.

४. शेवटची चाचणी: रेझोल्युशन कमी करा. एफपीएस वाढले तर कार्ड अडत होतं. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर.

ही चाचणी फुकट आहे. नवीन कार्ड विकण्याआधी ती गिऱ्हाइकासमोर करून दाखवा.

मग धंद्याचं काय?

एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ मध्ये "द गोल" हे पुस्तक लिहिलं. त्यातला विचार कारखान्यांसाठी होता: सगळ्या साखळीचा वेग सर्वांत अडलेली जागा ठरवते, त्यामुळे सुधारणा तिथेच करा. बाकी कुठेही पैसा ओतला तरी माल जास्त निघत नाही. गेमिंग पीसीला हा नियम तंतोतंत लागू होतो.

बॉटलनेक शून्य असलेलं मशीन जगात नाही. कुणीतरी अडणारच. आपलं काम एवढंच की ते कुठे अडावं हे आपण ठरवायचं. कथेचे गेम खेळणाऱ्याचं मशीन कार्डावर अडलं तर उत्तम, कारण घातलेला पैसा पूर्ण राबतोय आणि उद्या बदलायलाही तेच सोपं आहे.

काही जण म्हणतील, "सर, तीन प्रश्न विचारले आणि बिल दहा हजारांनी कमी झालं तर?" होऊ द्या. त्या वडिलांना समजलं की या माणसाने आपले दहा हजार वाचवले, तर पुढचा प्रिंटर, लॅपटॉप आणि भाच्याचा पीसी तुमच्याकडूनच जाणार. लॅमिंग्टन रोडचा भाव आणि ऑनलाइन सेल यांच्याशी तालुक्याच्या दुकानाने किमतीत लढणं अवघड आहे. योग्य सल्ल्यात मात्र तुम्ही नक्की जिंकू शकता.

तर आजचं काम: हे तीन प्रश्न एका कार्डावर लिहा आणि काउंटरवर लावा. पुढच्या पाच कोटेशनमध्ये ते वापरा आणि काय फरक पडला ते कमेंटमध्ये नक्की कळवा. तुमच्याकडे एखादं मशीन अडत असेल तर गेम, मॉनिटर, प्रोसेसर आणि कार्ड अशी चारही नावं लिहा. दोनच लिहिलीत तर मी आधी उरलेली दोन विचारणार!