परिचर्या की वैद्यक : शिक्षणाच्या वाटा आणि त्यांचा हिशेब

बारावीचे निकाल जाहीर झाले की आमच्या कार्यालयात रुग्णांच्या नातेवाइकांखेरीज आणखी एक वर्ग येऊ लागतो. आसगाव व चौरास पट्ट्यातील आसपासच्या गावांतील पालक, बहुधा मुलीला सोबत घेऊन, एकच प्रश्न विचारतात : हिला नर्सिंगला घालावे की आणखी एक वर्ष थांबून मेडिकलसाठी प्रयत्न करावा? या प्रश्नाचे सविस्तर उत्तर अहवालातूनच द्यावे, कारण हा अहवाल घरोघरी जातो, अशी सूचना विश्वस्त मंडळाने केली. त्यानुसार हा लेख सादर करीत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. हिशेब सांभाळणारी माणसे आहोत. म्हणून येथे मुख्यतः हिशेबच मांडला आहे.

प्रथम वाटा समजून घेऊ. परिचर्येच्या शिक्षणाची पहिली पायरी म्हणजे ए.एन.एम. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून फक्त मुलींसाठी आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. उपकेंद्रात लसीकरण करणाऱ्या, गरोदर मातांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या परिचयाच्या सिस्टर याच वाटेने आलेल्या असतात. दुसरी पायरी जी.एन.एम. हा पूर्वी साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा आहे. येथेही कला वा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रवेश घेता येतो. मात्र बारावीस ४० टक्के गुण आणि इंग्रजी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. तिसरी वाट बी.एस्सी. नर्सिंगची. ती चार वर्षांची, विज्ञान शाखेतून भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेतलेल्यांसाठी, आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. तिच्या प्रवेशासाठी राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष स्वतंत्र परीक्षा घेतो. जी.एन.एम. झालेल्या परिचारिकेस पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवीधर होता येते आणि त्यानंतर एम.एस्सी. करून अध्यापनाकडे वळता येते. थोडक्यात, या शिडीवर थांबता येते, कमावता येते आणि पुन्हा चढता येते. आमच्या मते परिचर्येच्या शिक्षणाचे हे सर्वांत मोठे बळ असून त्याची गणना पालक करीत नाहीत.

वैद्यकाच्या शिडीवर असे मधले टप्पे नाहीत. एम.बी.बी.एस. साडेचार वर्षांचे अध्ययन आणि एक वर्षाची आंतरवासिता, असे साडेपाच वर्षांचे. मध्येच सोडल्यास हाती काही उरत नाही. एम.डी. वा एम.एस. करावयाचे तर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि आणखी तीन वर्षे. प्रवेशाचा दरवाजा एकच, तो म्हणजे नीट. २०२५ साली या परीक्षेस सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले, देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आतबाहेर आहेत. त्यांतील जवळजवळ निम्म्या खाजगी संस्थांत व अभिमत विद्यापीठांत असल्याने त्या सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातील नव्हेत. आपल्या भागापुरती एक समाधानाची गोष्ट अशी की, पूर्वी नागपूरपर्यंत जावे लागे; २०१६ साली गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत भंडाऱ्याचाही समावेश आहे.

आता खर्चाकडे वळू. शुल्क दरवर्षी बदलते, संस्थागणिक बदलते. म्हणून पुढील आकडे उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या संस्थेचे आकडे घालून हीच बेरीज करावी.

खाजगी संस्थेतील जी.एन.एम.चे शुल्क वर्षाला ७० हजार आणि निवास-भोजन ६० हजार धरल्यास तीन वर्षांत ३ लाख ९० हजार रुपये होतात. बी.एस्सी. नर्सिंगसाठी शुल्क १ लाख व निवास-भोजन ६० हजार धरल्यास चार वर्षांचे ६ लाख ४० हजार. बँकांच्या प्रचलित शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत जामीन वा तारण लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाइताचा जामीन पुरतो. म्हणजे या दोन्ही अभ्यासक्रमांसाठी सातबारा बँकेत नेण्याचे कारण पडू नये. शासकीय महाविद्यालयातील एम.बी.बी.एस.चे शुल्क वर्षाला सव्वा ते दीड लाखाच्या आसपास जाते. निवास-भोजन मिळून संपूर्ण शिक्षण दहा-अकरा लाखांत होऊ शकते. ज्या विद्यार्थ्याला ही जागा मिळाली, त्याच्या पालकांनी मागेपुढे पाहू नये. शिक्षण संपल्यावर एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते, अन्यथा दहा लाख रुपये भरावे लागतात. पण ती सेवा वेतनासह असते, तेव्हा तो बोजा समजण्याचे कारण नाही.

खरी काळजी खाजगी जागेची. समजा, शुल्क वर्षाला दहा लाख आहे. साडेचार वर्षांचे ४५ लाख झाले. ही रक्कम तारण ठेवून दहा टक्के व्याजाने उचलली आणि शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू झाला नाही, तर केवळ सरळ व्याजानेच सुमारे २१ लाखांची भर पडून कर्ज ६६ लाखांच्या वर जाते. पंधरा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता जवळजवळ ७१ हजार रुपये येतो. राज्य शासनाच्या सेवेत रुजू होणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रारंभीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे. भत्ते मिळून हाती येणारी रक्कम याहून पुष्कळ अधिक असते हे खरे. तरीही पहिली काही वर्षे तो डॉक्टर बँकेसाठीच राबणार हे उघड आहे. त्यातच त्याला पुढे एम.डी. करावयाचे असेल, तर हप्ता भरायचा कोणी? अशा वेळी बांध्या विकल्या जातात. धानाची एक एकर बांधी गेली की ती परत येत नाही आणि घरातील धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा आधारही तिच्यासोबत जातो. परदेशातील स्वस्त महाविद्यालयांच्या जाहिरातींना भुलणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, तेथे जाण्यासाठीही नीट उत्तीर्ण असावे लागते, परत आल्यावर येथील परीक्षा द्यावी लागते आणि येथे पुन्हा एक वर्ष आंतरवासिता करावी लागते.

या हिशेबात एक रकाना नेहमी रिकामा राहतो, तो वर्षांचा. अठराव्या वर्षी बारावी झालेली मुलगी जी.एन.एम. करून एकविसाव्या वर्षी कमावती होते, बी.एस्सी. करून बाविसाव्या वर्षी. पहिल्याच प्रयत्नात एम.बी.बी.एस.ला लागलेला विद्यार्थी साडेतेविसाव्या वर्षी डॉक्टर होतो. दोनदा नीटसाठी थांबला तर साडेपंचविसाव्या. त्या दोन वर्षांचे नागपूरच्या शिकवणीचे शुल्क, खोलीभाडे, डबा हा खर्च कोणी लिहून ठेवीत नाही, कारण तो महिन्यामहिन्याने जातो. एक वर्ष थांबणे आम्हांला गैर वाटत नाही. पहिल्या प्रयत्नात शासकीय जागा थोडक्या गुणांनी हुकली असेल, तर थांबावेच. परंतु अंतर शंभर-दीडशे गुणांचे असेल आणि तरी तिसऱ्या वर्षाचा विचार चालू असेल, तर घरच्या कोणी तरी स्पष्ट बोलावे. हे काम बहुधा मामा वा काकांवर येते आणि ते टाळतात.

शासनाच्या सवलतींनी हे गणित बदलू शकते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार इतर मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा. संस्थेच्या कोट्यातील जागा, अभिमत विद्यापीठे व खाजगी विद्यापीठे यांना ही माफी नाही. म्हणजेच, आपल्या भागातील कुणबी वा तेली समाजाच्या मुलीस केंद्रीभूत फेरीतून खाजगी महाविद्यालयातील जागा मिळाली, तर वरील ४५ लाखांचे भय मोठ्या प्रमाणात ओसरते. तीच जागा कोट्यातून घेतली, तर शुल्क कितीतरी वाढते आणि सवलतही जाते. बी.एस्सी. नर्सिंगचा केंद्रीभूत प्रवेशही या सवलतीत येतो. जी.एन.एम.च्या बाबतीत मात्र ती गृहीत धरू नये. संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा निराळी आहे.

मिळकतीविषयीही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. राज्य शासनाच्या रुग्णालयातील अधिपरिचारिकेचे प्रारंभीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये, तर नागपूरच्या एम्ससारख्या केंद्रीय संस्थेत ४४,९०० रुपये आहे. खाजगी रुग्णालयांत, विशेषतः लहान गावांत, याच्या निम्मे वेतनही अनेकदा मिळत नाही. वेतनपत्रक तयार करणारे आम्हीच हे लिहीत आहोत, तेव्हा त्यात अतिशयोक्ती नसावी. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही परिचारिकेस किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. ग्रामीण धर्मादाय रुग्णालयांना ती पेलणे कठीण जाते. परंतु मुलीने नोकरी पत्करताना तो आकडा ठाऊक ठेवून बोलावे. आणखी एक बाब : एम्सच्या भरतीसाठी जी.एन.एम. उमेदवारास किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो, बी.एस्सी. झालेलीस लागत नाही. आमचे रुग्णालय ५० खाटांचे नाही. आमच्याकडे रुजू होणाऱ्या प्रत्येक जी.एन.एम. परिचारिकेला आम्ही हे नेमणुकीपूर्वीच सांगतो, कारण येथील अनुभवाचा दाखला तिला त्या दारापर्यंत नेऊ शकणार नाही. परिणामी चांगल्या मुली दोन-अडीच वर्षांत नागपूरला जातात. रुग्णालयाची अडचण होते, तरी त्यांना अडवावे असे आम्हांला कधी वाटले नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करावासा वाटतो. परिचर्या म्हणजे मेडिकल न मिळालेल्यांची वाट, अशी भाषा सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. नागपूरच्या कमलाताई होस्पेट यांना तरुणपणीच वैधव्य आले. त्यांनी डफरिन रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघाची स्थापना केली. सुरक्षित प्रसूतीची सोय विदर्भातील सामान्य घरांतील स्त्रियांपर्यंत नेण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिका होत्या. रात्री दोन वाजता प्रसूतीसाठी आणलेल्या स्त्रीजवळ आजही प्रथम परिचारिकाच पोहोचते आणि डॉक्टरांना केव्हा उठवायचे हे तीच ठरवते. या निर्णयाची जबाबदारी झेपेल अशाच मुलीने या वाटेला यावे. रक्त पाहून डोळे फिरणाऱ्या मुलीला केवळ नोकरीच्या आशेने ढकलू नये.

शेवटी एक इशारा, कारण यात दरवर्षी काही कुटुंबे फसतात. सहा महिन्यांत वा एका वर्षात ‘नर्स’ करून देणाऱ्या वर्गांची पत्रके बाजाराच्या दिवशी वाटली जातात. अशा प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून परिचारिका म्हणून नेमणूक देता येत नाही. मुलगी फार तर रुग्णसेविका म्हणून राहू शकते. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेकडे परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची वा राज्य परिचर्या व परावैद्यक शिक्षण मंडळाची संलग्नता यांची चालू वर्षाची पत्रे मागावीत. ती दाखवण्यास जी संस्था टाळाटाळ करील, तेथून उठून यावे. मूळ गुणपत्रिका कोणत्याही संस्थेत पावतीशिवाय ठेवू नयेत.

अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता ही प्रमाणपत्रे बारावीच्या वर्षातच करून घ्यावीत. जात वैधतेस लागणारा वेळ प्रवेशफेरीच्या तारखा पाहत नाही. ज्यांना हिशेब मांडण्यास वा कागद तपासून घेण्यास मदत हवी असेल, त्यांनी जून ते ऑगस्ट या काळात दर शनिवारी दुपारी रुग्णालयाच्या कार्यालयात यावे. मुलीला सोबत आणावे आणि संस्थेचे शुल्कपत्रकही आणावे.