कोअर मोजून गेम चालत नाही

धाराशिव, उमरगा किंवा परंड्यातला कॉलेजचा पोरगा गेमिंगचा पहिला पीसी जोडायला निघतो, तेव्हा दुकान सोलापूरचं असो की पुण्याच्या तपकीर गल्लीतलं, प्रोसेसरबद्दल त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोअर किती?" खिशातले पैसे बहुधा सोयाबीनच्या पट्टीतले असतात. म्हणून त्याला पुरं उत्तर मिळायला हवं.

नुसत्या आकड्याने काय होतं, ते एएमडीच्या एफएक्स-८३५० प्रोसेसरने दाखवलं. २०१२ साली तो आठ कोअरचा म्हणून विकला गेला. आत मात्र चार जोड्या होत्या आणि अपूर्णांकांची आकडेमोड करणारा भाग प्रत्येक जोडीत सामाईक होता. इंटेलचे चार कोअरवाले आय-५ बहुतेक गेममध्ये त्याच्या पुढे निघून जात. 'आठ कोअर' या दाव्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ मध्ये कंपनीने १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड केली.

खरी गोम गेमच्या कामात आहे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात मुख्य थ्रेडला, म्हणजे कामांच्या मुख्य रांगेला, बरीचशी कामं एकामागून एकच उरकावी लागतात. भाकरी थापणारे हात कितीही वाढवले, तरी तवा एकच असेल तर भाकरी त्याच वेगाने उतरणार. म्हणून एकट्या कोअरचा वेग आणि त्याच्याजवळची कॅशे, म्हणजे झटपट मेमरी, आधी बघावी. २०२० चे रायझन ३ ३१०० आणि ३३००एक्स दोन्ही चार कोअर, आठ थ्रेडचे. पण ३१०० मध्ये कोअर आणि कॅशे दोन गटांत विभागलेले, ३३००एक्समध्ये एकत्र. शिवाय त्याचा क्लॉकही जास्त. गेममध्ये तोच सरस ठरला.

तरीही कोअर फारच कमी असून चालत नाही. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आठ लहान कोअर घेऊन आला आणि गेम बनवणारे काम वाटून द्यायला शिकले. २०१४ चा फार क्राय ४ तर दोनच थ्रेडच्या पेंटियमवर जुगाड केल्याशिवाय सुरूच होत नसे.

माझं मत स्पष्ट आहे: चार कोअर, आठ थ्रेड ही खालची मर्यादा. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर इंटेलचा आय-३ १२१००एफ कमी किमतीत उत्तम. त्याहून थोडे जास्त पैसे असतील तर सहा कोअरचा रायझन ५ ५६०० घ्यावा, त्यात ३२ एमबी एल-३ कॅशे आहे. कार्डाचं बजेटच नसेल तर ५६००जी. त्याची कॅशे निम्मी, पण ग्राफिक्स आतच आहे. शिवाय तो ६५ वॉटचा आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आणि वीज कधीही जाणाऱ्या आपल्या भागात कूलर आणि यूपीएस दोघांवरचा भार त्यामुळे हलका राहतो.

मात्र ५६००जी घेतलात तर १६ जीबी रॅमची एकच स्टिक लावू नका, ८ जीबीच्या दोन लावा. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं आणि दोन चॅनेल मिळाले की फ्रेम लक्षणीय वाढतात.